फजरचं पाणी : सरपण की ऊन?

दरवर्षी थंडी पडू लागली की मराठवाडा-खानदेशातल्या मशिदींत वुजूच्या पाण्याचा विषय निघतो. उन्हाळ्यात हौदाचं गार पाणी हवंहवंसं वाटतं, पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे तेच पाणी हाडात शिरतं. ट्रस्टींच्या बैठकीत मग नेहमीचे पर्याय मांडले जातात. मशिदीच्या मागच्या अंगाला चूल मांडून मोठा हंडा चढवायचा, बंब घ्यायचा, गिझर लावायचा, की छपरावर सोलर बसवायचं? विजेच्या बिलाचा आकडा ऐकला की गिझर मागे पडतो. उरतात दोनच गोष्टी, लाकूड आणि ऊन.

घरातही प्रश्न हाच असतो, फक्त तिथे बैठक होत नाही. जी बाई पहाटे सगळ्यात आधी उठते, तिच्यावर तो आपोआप येऊन पडतो.

सध्या हा विषय खर्चाचा किंवा पर्यावरणाचा म्हणून बोलला जातो. पण मुस्लिमांच्या बाबतीत त्याला आणखी एक पदर आहे, तोही जवळपास बाराशे वर्षं जुना. उन्हात तापलेलं पाणी अंगाला लावावं की नाही, यावर आपल्या फिक्ह ग्रंथांमध्ये रीतसर चर्चा झालेली आहे. चुलीवर तापवलेल्या पाण्याला तिथे सरळ परवानगी मिळाली. उन्हात तापलेल्या पाण्याच्या वाट्याला मात्र संशय आला. सोलर हीटरचा शोध लागण्याच्या शेकडो वर्षं आधीची ही गोष्ट आहे आणि तिचा महाराष्ट्राशी, विशेषतः कोकणाशी, थेट संबंध आहे.

‘मुशम्मस’ पाण्याची गोष्ट

अरबीत सूर्याला ‘शम्स’ म्हणतात. त्यावरून उन्हात तापलेल्या पाण्याला फिक्हमध्ये ‘मुशम्मस’ पाणी असं नाव पडलं. शाफई पंथाच्या ग्रंथांत पाण्याच्या प्रकरणात, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पानांवर, हा मुद्दा भेटतो. तिथला प्रचलित निर्णय असा, की असं पाणी वुजू किंवा गुस्लसाठी वापरणं मकरूह आहे. मकरूह म्हणजे नापसंत. हराम नव्हे आणि अशा पाण्याने केलेला वुजू बादही होत नाही. कारण दिलं होतं ‘बरस’ या रोगाचं, ज्याला आपण मराठीत कोड म्हणतो.

या निर्णयामागचा विचार वाचण्यासारखा आहे. उन्हाच्या तिखटपणामुळे धातूच्या भांड्यातून एक तवंग सुटतो, तो पाण्यावर येतो, त्वचेला लागून रक्त थिजवतो आणि त्यातून कोड उठतं, असं त्या काळच्या वैद्यकाचं म्हणणं होतं. म्हणून अटीही नेमक्या घातल्या गेल्या. भांडं ठोकून घडवलेल्या धातूचं हवं, जसं तांबं किंवा लोखंड. सोन्या-चांदीला सूट. मातीच्या माठाला, दगडी हौदाला, तळ्याला सूट. प्रदेश हिजाजसारखा कडक उन्हाचा हवा, थंड मुलखात हा नियम लागू नाही. पाणी गरम असतानाच अंगावर वापरलं तरच ते नापसंत. निवलं की प्रश्न मिटला. दुसरं पाणीच नसेल तर तेच वापरावं. आगीवर तापवलेल्या पाण्याला ही अट का नाही? तर आग जोरकस असते, ती तो तवंग जाळून टाकते, असं उत्तर दिलं गेलं.

आज हे वाचून हसू येईल, पण हसण्याची घाई करू नये. इमाम शाफई (७६७–८२०) यांनी स्वतः हा विषय धर्माच्या नव्हे, वैद्यकाच्या खात्यात टाकला होता. ‘अल-उम्म’मधलं त्यांचं म्हणणं एवढंच, की वैद्यकाच्या बाजूने काही अडचण असेल तर ती सोडून उन्हाच्या पाण्यात मला नापसंत करण्यासारखं काही दिसत नाही. म्हणजे दार उघडंच होतं. वैद्यक बदललं की निर्णय बदलायला वाव होता. नंतरच्या ग्रंथकारांनी मात्र निर्णय धरून ठेवला आणि त्यामागची अट ढिली सोडली. आपल्याकडे फक्त याच बाबतीत असं झालं आहे, असं नाही.

तेराव्या शतकात सीरियात इमाम नववी (१२३३–१२७७) होऊन गेले. शाफई पंथात त्यांच्या शब्दाला फार वजन आहे. त्यांच्या ‘मिन्हाज’ या संक्षिप्त ग्रंथात उन्हाचं पाणी मकरूह असल्याचा पंथाचा प्रचलित निर्णय आहे. पण ‘मजमूअ’ या विस्तृत ग्रंथात त्यांनी पुरावे तपासले. हजरत आयेशा (रजि.) यांच्या संदर्भाने सांगितली जाणारी हदीस अत्यंत कमकुवत, हजरत उमर (रजि.) यांच्या नावची रिवायतही कमकुवत आणि वैद्यकातही आधार सापडत नाही, असं त्यांनी नोंदवलं. शेवटी असं पाणी मकरूह नाही, हा आपला कौल दिला. पुढे सोळाव्या शतकात इब्न हजर हैतमी आणि शम्सुद्दीन रमली या दोन मोठ्या शाफई भाष्यकारांनी अटींसह जुनाच निर्णय चालू ठेवला. मदरशांत शिकवले जाणारे ग्रंथ याच परंपरेतले. त्यामुळे नववींचा वेगळा कौल सामान्य नमाजीपर्यंत फारसा पोहोचला नाही.

आता कोकण. महाराष्ट्रातले बहुतांश मुस्लीम हनफी आहेत, पण रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान शाफई. अरबी समुद्राच्या व्यापारातून येमेन आणि अरबस्तानाशी जे जुने धागे जुळले, त्यांतून ही परंपरा इथे आली आणि मलबारच्या किनाऱ्यापर्यंत टिकून राहिली. माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) याच परंपरेतले विद्वान. त्यांना लोक पीर म्हणून ओळखतात, कुराणाचे भाष्यकार आणि फकीह म्हणून ओळखणारे कमी. तेव्हा महाराष्ट्रात मुशम्मस पाण्याचा प्रश्न ज्यांना खरोखर लागू पडतो, ते नेमके वर्षातले चार महिने ढगाखाली काढणारे लोक आहेत!

मी मुफ्ती नाही, फतवा देत नाही. पण इतिहास म्हणून एवढं सांगता येईल, की छपरावरच्या सोलरविरुद्ध जुना ग्रंथ काढून दाखवणाऱ्याने त्याच ग्रंथातल्या अटीही वाचून दाखवायला हव्यात. काचेच्या नळ्यांच्या सोलरमध्ये पाणी काचेत तापतं, म्हणजे धातूची अट तिथेच गळते. तांब्याच्या नळ्यांच्या सोलरबद्दल वाद घालायचा असेल तर नववींचा ‘मजमूअ’ समोर आहेच.

आणि एक गोष्ट मनात येते. शतकानुशतकं चाललेल्या या चर्चेत पाणी वापरणाऱ्याच्या कातडीची काळजी बारकाईने केली गेली. पाणी तापवणाऱ्याच्या डोळ्यांत आणि छातीत जाणाऱ्या धुराचा उल्लेख मात्र त्यात येत नाही. चूल फुंकणारं माणूस चर्चेला बसलेलंच नव्हतं.

हमाम, समोवार आणि बंब

लाकडावर पाणी तापवण्याची मुस्लीम जगातली सगळ्यात मोठी व्यवस्था म्हणजे हमाम. रोमनांच्या स्नानगृहांची रचना अरबांनी आणि तुर्कांनी घेतली. फरशीखाली पोकळी, एका टोकाला भट्टी, तिची गरम हवा आणि धूर फरशीखालून फिरून भिंतीतल्या नळांवाटे वर जाणार, भट्टीवर तांब्याची मोठी कढई. बाबर हिंदुस्थानात आला तेव्हा इथे हमाम नाहीत ही त्याची एक मोठी तक्रार होती. आत्मचरित्रात त्याने ती नोंदवली आणि आग्र्यात बाग आखताना हमामही बांधून घेतला. त्यात गरम पाण्यापेक्षा इथल्या उष्म्यापासून, धुळीपासून आणि वाऱ्यापासून सुटका हा हेतू मोठा होता. आपल्या बाजूला दौलताबादच्या किल्ल्यात हमाम आहे आणि तापीकाठी बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यातला मोगल हमाम तर त्याच्या रंगवलेल्या छतांसाठी प्रसिद्ध आहे. मुमताजमहलचा मृत्यू १६३१ मध्ये याच बुऱ्हाणपुरात झाला. त्यामुळे तिथले मार्गदर्शक पर्यटकांना तिच्या स्नानाच्या गोष्टी रंगवून सांगतात. भट्टीत लाकूड घालणाऱ्यांबद्दल कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

हमाम म्हटला की सरपण आलं. जिथे जंगल नव्हतं तिथे लोकांनी वेगळे मार्ग काढले. कैरोत हमामच्या भट्ट्यांत शहराचा कचरा जाळला जाई आणि त्याच भट्टीच्या निखाऱ्यावर रात्रभर बाकल्याच्या दाण्यांचे रांजण शिजत. इजिप्तचा राष्ट्रीय नाश्ता मानला जाणारा ‘फूल मुदम्मस’ या निखाऱ्यावरच लोकप्रिय झाला. मोरोक्कोच्या मोहल्ल्यांत हमाम आणि पावाची भट्टी शेजारी-शेजारी असतात. तिथे आजही हमाम मोठ्या प्रमाणावर लाकडावर चालतात आणि देशाच्या जंगलांवर त्याचा ताण पडतो. त्याच मोरोक्कोने गेल्या दशकात ‘हिरव्या मशिदीं’चा सरकारी कार्यक्रम हाती घेतला. ६०० मशिदींत वीज वाचवणारे दिवे, सौर पॅनल आणि वुजूसाठी सौर गरम पाणी, असं उद्दिष्ट ठरलं. माराकेशच्या बाराव्या शतकातल्या कुतुबिया मशिदीचाही त्यात समावेश झाला.

काश्मीरच्या मशिदींतला हमाम आणखी वेगळा. तिथे दगडी फरशीखाली लाकूड जळतं, फरशी उबदार होते, बांधकामात बसवलेल्या तांब्याच्या भांड्यातून वुजूला गरम पाणी मिळतं. नमाज झाली तरी वृद्ध माणसं तिथेच बसून राहतात, मोहल्ल्याच्या साऱ्या गोष्टी तिथे होतात. सोळाव्या शतकात मिर्झा हैदर दुघलतने ही पद्धत काश्मिरात आणली असं मानलं जातं. अशा ठिकाणी ‘सोलर लावा’ असं सांगणं सोपं आहे. पण हिवाळ्यात बर्फाने झाकलेल्या छपरावर कोणतं ऊन पडणार? शिवाय त्या लाकडाने केवळ पाणी तापत नाही, माणसंही तापतात.

महाराष्ट्रात सार्वजनिक हमामची परंपरा रुजली नाही. इथे घरोघरी बंब आला. मधोमध आगीची उभी नळी, भोवती पाणी, खाली जाळी आणि राखेची जागा, एका बाजूला तोटी. समोवार ज्याने पाहिला असेल त्याला ही रचना ओळखीची वाटेल. फरक एवढाच की समोवारचं पाणी चहाला, बंबाचं न्हाणीघराला. पुण्याच्या तांबट आळीत ठोकून घडवलेले तांब्याचे बंब लग्नात दिले जात आणि चिंचेने घासून लखलखीत ठेवले जात. वर गार पाणी ओतायचं आणि खाली गरम काढायचं. आग पोटात असल्यामुळे तिची बरीच उष्णता पाण्यालाच मिळते. तीन दगडांच्या चुलीवर हंडा ठेवला तर बहुतेक उष्णता हवेत जाते. साध्या चुलीत लाकडाच्या सात भागांतला जेमतेम एखादा भाग पाण्यात उतरतो. बंबाचा हिशेब त्याच्या दुपटीहून चांगला.

बंबाला लाकूडच लागतं असंही नाही. कोकणात करवंट्या, नारळाच्या झावळ्या आणि सोडणं, मराठवाड्यात तुराट्या आणि पऱ्हाट्या, घाटावर मक्याची बुरकुंडं, गोवऱ्या, सुताराकडच्या ढलप्या. जे शेतात उरतं ते बंबाच्या पोटात जातं. म्हणून लाकडाचा बंब म्हणजे जंगलतोड, असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. विकतचं लाकूड आणि परसातल्या करवंट्या यांत फरक करायला हवा.

कुलाब्याचे ७२ आरसे

सौर उष्णतेचा इतिहास सांगताना युरोप-अमेरिकेची नावं येतात. मुंबईचं नाव क्वचितच येतं, खरं तर ते फार आधी यायला हवं. १८७८ मध्ये मुंबईत एक इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. लेखक विल्यम अॅडम्स, मुंबई हायकोर्टात डेप्युटी रजिस्ट्रार. विषय होता, उष्ण प्रदेशांत इंधनाला पर्याय म्हणून सूर्याची उष्णता.

अॅडम्सने आधी एक सौर चूल केली. आठ बाजूंनी आरसे, मधे तांब्याचं भांडं आणि त्यावर काचेचं झाकण. जानेवारी महिन्यात, म्हणजे मुंबईच्या सगळ्यात थंड दिवसांत, तिच्यावर सात सैनिकांपुरतं मटण आणि भाजी दोन तासांत शिजली, असं त्याने नोंदवलं. मग तो मोठ्या प्रयोगाकडे वळला. मिडल कुलाब्यात आपल्या बंगल्याच्या आवारात त्याने अर्धवर्तुळात ७२ सपाट आरसे उभे केले, प्रत्येक १७ इंच लांब आणि १० इंच रुंद. सगळ्यांचा प्रकाश एका बॉयलरवर. त्या वाफेवर त्याने अडीच अश्वशक्तीचं इंजिन चालवून पंप फिरवला आणि पंधरवडाभर लोकांना पाहायला बोलावलं. आरसा उन्हाकडे वळवत राहायला एक मजूर पुरेसा होता.

त्याला हे का सुचलं, हे महत्त्वाचं. हिंदुस्थानात लाकूड महाग होत होतं आणि कोळसा दुरून आणावा लागत होता. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाल्यापासून रुळांखालच्या स्लीपरसाठी आणि इंजिनांसाठी जंगलं भराभर कापली गेली होती. अॅडम्सचं पुस्तक आलं त्याच १८७८ साली इंग्रज सरकारचा वन कायदाही आला. त्याने जंगलांची राखीव, संरक्षित आणि गाव-वन अशी वर्गवारी केली आणि राखीव जंगलातून सरपण आणणं हा हक्काऐवजी सरकारच्या मर्जीचा विषय झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत यावरून एवढा असंतोष माजला की १८८५ मध्ये सरकारला बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. एकाच वर्षी, एकाच इलाख्यात लाकडाला कुलूप लागलं आणि उन्हाची किल्लीही तयार झाली. सरकारने कुलूप तेवढं वापरलं. अॅडम्सची कल्पना हायकोर्टाच्या एका अधिकाऱ्याचा छंद म्हणून विसरली गेली.

रात्र ओलांडणारं पाणी

अॅडम्सचे आरसे वाफेसाठी होते. आंघोळीच्या पाण्याला एवढा खटाटोप लागत नाही. १७६७ मध्ये जिनिव्हाच्या होरास द सोस्यूरने काचेचं झाकण असलेल्या लाकडी पेटीत केवळ उन्हावर पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर तापमान नेलं होतं. काच ऊन आत घेते आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही. सगळ्या सौर बंबांचं मूळ या पेटीत आहे. १८९१ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरन्स केम्पने काळ्या रंगाच्या टाक्या काचेच्या पेटीत बसवून ‘क्लायमॅक्स’ नावाचा हीटर पेटंट केला. तो भरपूर खपला. दुपारी पाणी छान तापायचं. पण टाकीच उन्हात उघडी, त्यामुळे सूर्य मावळला की पाणी निवत जायचं आणि पहाटेपर्यंत गार.

आपल्या दृष्टीने हा हीटर निरुपयोगी होता, हे वेगळं सांगायला नको. गरम पाण्याची गरज दुपारच्या जोहरला नसते. ती फजरला असते, सूर्य उगवण्याच्या आधी. रमजान थंडीत आला तर सहरीच्याही आधी.

ही अडचण १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेलीने सोडवली. त्याने तापवण्याची आणि साठवण्याची जागा वेगळी केली. खाली काचेखाली बारीक नळ्या, वर जाड आवरणात गुंडाळलेली टाकी. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं, टाकीतलं गार पाणी खाली उतरतं, पंप लागत नाही. रात्री आवरणामुळे उष्णता टिकते. त्याने हीटरचं नावच ‘डे अँड नाइट’ ठेवलं. आज आपल्या छपरांवर दिसणाऱ्या टाक्या या बेलीच्याच वारसदार. त्याला नमाजाची काही कल्पना असायचं कारण नाही. पण फजरला गरम पाणी देणारा पहिला सौर हीटर तोच.

पुढची कहाणी थोडक्यात सांगतो. कॅलिफोर्नियात १९२० च्या दशकात स्वस्त नैसर्गिक वायू मिळाला आणि सौर हीटरचा धंदा बसला. तो फ्लोरिडात गेला. तिथे दुसऱ्या महायुद्धात तांब्यावर निर्बंध आले आणि तिथेही तो थांबला. म्हणजे दोन्ही वेळा ऊन कमी पडलं नव्हतं. नंतर पश्चिम आशियात आणि तुर्कस्तानात तो घरोघरी पोहोचला. पॅलेस्टाईनच्या गावांतल्या छायाचित्रांत छपराछपरांवर काचेची तावदानं आणि टाक्या दिसतात. जिथे वीज आणि इंधन दुसऱ्याच्या हातात आहे, तिथे स्वतःच्या छपरावरचं ऊन ही मोठी गोष्ट असते. महाराष्ट्रात १९८० नंतर पुण्यासारख्या शहरांतून सोलर पसरत गेला. काही महापालिकांनी मालमत्ता करात सूट दिली, काही काळ केंद्र सरकारचं अनुदानही होतं.

आता हिशेब

एक लहान मशीद धरू. थंडीत फजरला चाळीस नमाजी. उघड्या तोटीखाली एका वुजूला पाच लिटर पाणी सहज जातं, म्हणजे २०० लिटर. ते १८ अंशांवरून ३८ अंशांवर न्यायचं तर साध्या चुलीवर सुमारे सात किलो सुकं लाकूड लागेल, चांगल्या बंबात तीन किलोच्या आसपास. चुलीचा हिशेब धरला तर तीन महिन्यांत ६०० किलोंहून जास्त. लाकूड विकत असेल तर हा खर्च दरवर्षी पुन्हा करायचा, शिवाय पहाटे चारला उठून जाळ करणाऱ्या बांगी साहेबांच्या फुप्फुसांचा हिशेब वेगळाच. सोलरमध्ये २०० लिटरची टाकी दुपारी ६० अंशांपर्यंत जाते. रात्रीत ती ५० पर्यंत उतरली तरी गार पाणी मिसळून तीनशे लिटरांहून जास्त कोमट पाणी मिळतं. मराठवाड्याचा हिवाळा निरभ्र असतो, जंगल जवळपास नाहीच. तिथे माझं मत सरळ सोलरच्या बाजूचं आहे.

पण या हिशेबातला पाच लिटरचा आकडाच खरं तर तपासायला हवा. प्रेषित मुहंमद (स.) एका ‘मुद’ पाण्यात वुजू करत आणि एक ‘सा’ म्हणजे चार मुदांपासून पाच मुदांपर्यंत पाण्यात गुस्ल करत, अशी सहीह हदीस आहे. मुदचं माप पंथागणिक थोडं बदलतं, तरी ते अर्धा ते एक लिटरच्या आसपास बसतं. चाळीस माणसांना बद्‌ना किंवा लोटे दिले तर ४० लिटर पुरेल. तेवढं पाणी एका मोठ्या घरगुती बंबात मावतं आणि अर्ध्या-पाऊण किलो लाकडात तापतं. मग सोलरचीही घाई उरत नाही. ज्या मशिदीत हदीस दररोज वाचली जाते, तिथेच तोट्या सताड उघड्या असतात, हे नमाजींना कुणी तरी सांगायला हवं.

कोकणात मामला वेगळा आहे. जून ते सप्टेंबर ऊन नाही, थंडी फारशी नाही, आणि परसात करवंट्या पडलेल्या असतात. तिथे बंब मोडीत काढून सोलर बसवणाऱ्याला पावसाळ्यात वीज जाळावी लागते. माझ्या मते तिथे बंब ठेवावा. सोलर घ्यायचाच तर त्याच्या जोडीला घ्यावा, त्याच्या जागी नव्हे. मात्र चूल-बंब घराबाहेर, धूर वर जाईल अशा जागी असावा. घरातल्या धुरामुळे जगभरात वर्षाला सुमारे ३२ लाख माणसं दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा अंदाज आहे. गावागावांत गॅस पोहोचला तो स्वयंपाकासाठी. सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून आंघोळीचं पाणी अजून लाकडावरच तापतं आणि लाकूड आणण्यापासून राख काढण्यापर्यंतचं काम बायकांकडेच असतं. बाळंतिणीचं पाणी, मासिक पाळीनंतरच्या गुस्लचं पाणी, जुम्म्याच्या दिवशी घरातल्या पुरुषांचं पाणी, सगळं तिनेच तापवायचं. सोलर घरात आला की पुरुषांना बिल दिसतं. तिला पहाटेची एक तासाची झोप परत मिळते. घरी या विषयावर निर्णय होईल तेव्हा तिचं मत आधी विचारलं गेलं पाहिजे.

राहिला छपराचा प्रश्न. सोलर छपराच्या मालकाचा असतो. मुंब्रा, भिवंडी, मालेगावच्या दाटीत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला, किंवा सात मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला ऊन असून नसल्यासारखं. करातली सूटही मालकाच्या पदरात पडते. अशा वस्त्यांत छप्पर असलेली सार्वजनिक जागा म्हणजे मशीद, मदरसा, जमातखाना. तिथे मोठी टाकी बसली आणि पहाटे मोहल्ल्यातल्या वृद्धांना, आजाऱ्यांना, बाळंतिणीच्या घराला बादलीभर गरम पाणी मिळालं, तर जुन्या हमामचं काम वेगळ्या रूपात पुन्हा सुरू होईल. वक्फच्या मिळकतींवर दुकानगाळे काढण्याच्या चर्चा आपण भरपूर करतो, छपरांचा विषय अजून कुणी काढलेला नाही.

आणि ट्रस्टींसाठी दोन व्यवहारी गोष्टी. बोअरचं पाणी जड असेल, आणि मराठवाड्यात ते बहुतेक ठिकाणी असतंच, तर तांब्याच्या बारीक नळ्या क्षाराने चोंदतात. तिथे काचेच्या नळ्यांचा सोलर बरा, दुरुस्तीलाही सोपा. दुसरं म्हणजे टाकी वुजूखान्याच्या शक्य तितकी डोक्यावर बसवावी. लांब पाइप टाकला तर रात्रभर त्यात थिजलेलं गार पाणी आधी वाहून जातं आणि पहिल्या सफमधल्या म्हाताऱ्यांच्या हातावर नेमकं तेच येतं.